ओढ्याची वही : खाणीखालच्या पाण्याच्या नोंदी

२ मार्च

आजपासून वही सुरू. ओढ्याचं पाणी बिघडलंय हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण किती बिघडलंय, कुठून बिघडतंय, कोणत्या दिवसांत जास्त बिघडतं, हे विचारलं की सगळे गप्प. मागच्या तीन अर्जांना एकच उत्तर आलं : पुरावा जोडा. म्हणून आम्ही सहाजण दर रविवारी पाणी मोजणार. जागा त्याच, वेळ तीच.

पाच जागा ठरवल्या. 'वरचा ओढा' म्हणजे खाणीच्याही वरचं, अजून बिघडलेलं नसलेलं पाणी. ते मोजलं नाही तर 'तुमच्याकडचं पाणी मुळातच असं आहे' या वाक्याला आमच्याकडे उत्तर नाही. दुसरी 'तोंड', म्हणजे बंद पडलेल्या जुन्या आडव्या बोगद्याचं तोंड, जिथून बारा महिने पाणी वाहतं. तिसरी 'पायथा', टाकाऊ दगडांच्या मोठ्या ढिगाखालचा पाझर. चौथी गावाच्या वरचा 'साकव'. पाचवी ओढ्याकाठची 'विहीर'. ढीग आणि बोगदा दोन्ही खाणमालक कंपनीच्याच ताब्यात आहेत. पलीकडचा उघडा खड्डा अजून चालू आहे.

आजची मोजणी : वरचा ओढा, सामू (म्हणजे pH; ७ ला पाणी आम्लही नाही आणि अल्कलीही नाही, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त) ७.४. तोंड ३.५. साकव ६.४. बोगद्याच्या आत कुणीही पाऊल टाकायचं नाही, हा पहिला नियम. आतला खडक हवेतला प्राणवायू शोषून घेतो आणि तिथली हवा बघून काही कळत नाही.

५ मार्च

रविवारी तोंडापाशी भरलेली बाटली माझ्या टेबलावर राहून गेली होती. भरली तेव्हा पाणी काचेसारखं नितळ होतं, इतकं की एकजण म्हणाला, हे तर पिता येईल. आज तिसऱ्या दिवशी त्याच बाटलीच्या तळाशी बोटभर नारिंगी गाळ आहे आणि वरचं पाणी चहासारखं झालंय. बाटली हलवली की सगळं पुन्हा ढवळतं.

विरघळलेलं लोह डोळ्यांना दिसत नाही. हवा लागली की ते हळूहळू गंजाच्या रूपात खाली बसतं. म्हणजे ओढ्यात जिथे दगड नारिंगी झालेत तिथे बिघाड सुरू होत नाही, तिथे तो दिसायला लागतो. सुरुवात त्याच्या बरीच वर, नितळ पाण्यात झालेली असते.

१९ मार्च

आजवरच्या सगळ्या रविवारांच्या सामूच्या नोंदींवर आज लाल रेघ मारली. मीटर आम्ही फक्त ७ च्या प्रमाण द्रावणात (ज्याचा सामू आधीच ठाऊक असतो अशा द्रावणात) तपासत होतो. आज शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी ४ चं द्रावण आणलं. त्यात मीटरने ४.६ दाखवलं. आम्लाच्या बाजूला आमचं यंत्र पाणी आहे त्यापेक्षा बरं दाखवत होतं. यापुढे दर वेळी आधी ७, मग ४, आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. नोंद फाडायची नाही, खोडायची नाही. रेघ मारून कारण लिहायचं. उद्या कुणी ही वही उलटतपासणीला घेतली तर आमची चूक आम्हीच आधी दाखवलेली असावी.

नवी मोजणी : वरचा ओढा ७.४, तोंड ३.१, पायथा २.७, साकव ६.३. विद्युत वाहकता (पाण्यात क्षार किती विरघळलेत याचा अंदाज देणारा आकडा) वरच्या ओढ्यात १८०, तोंडाला २,६००, पायथ्याला ३,९००, साकवाला ६४०.

तोंडाचा प्रवाहही मोजला. दहा लिटरची बादली पन्हळीखाली धरली, १४ सेकंदांत भरली. दिवसाला सुमारे ६१,७०० लिटर.

७ एप्रिल

आज पारावर फळा लावून बसलो. सगळ्यांना एकदा नीट समजायला हवं होतं की बंद खाणीतून पाणी खराब का येतं. काम थांबलं की घाण थांबेल, असंच बहुतेकांना वाटत होतं.

खडकात पायराइट नावाचं खनिज असतं, लोह आणि गंधकाचं. सोन्यासारखं चमकतं. जमिनीखाली दडलेलं असतं तोवर ते कुणाला त्रास देत नाही. खणून, फोडून, ढीग करून उघड्यावर टाकलं की हवा आणि पाणी मिळून त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि लोह सुटं होतं. हे आम्ल मग वाटेतल्या दगडांतून मँगनीज, ॲल्युमिनियम, कुठे शिसं, कुठे आर्सेनिक विरघळवत खाली येतं. त्यात एक जिवाणूही हातभार लावतो. कोलमर आणि हिंकल या दोघा संशोधकांनी १९४७ मध्ये कोळसा खाणीच्या पाण्यात तो दाखवून दिला. लोहाच्या या बदलावरच तो जगतो आणि सगळी क्रिया कितीतरी पटींनी वाढवतो. एकदा सुरू झालेली ही क्रिया पायराइट संपेपर्यंत चालते. स्पेनमधल्या रिओ तिंतो नदीच्या खोऱ्यात हजारो वर्षं खाणकाम झालं. तिचं पाणी आजही तांबडं आहे आणि सामू २ च्या आसपास.

सामूचा आकडा फसवा असतो हेही फळ्यावर मांडलं. एक अंक खाली म्हणजे आम्लता दहा पट. वरच्या ओढ्याचे ७.४ आणि तोंडाचे ३.१ यांत फरक चारचा दिसतो, प्रत्यक्षात तो वीस हजार पट आहे. हे ऐकल्यावर मागच्या बाकावरचे एक आजोबा उठले आणि म्हणाले, "मग आमच्या गुरांनी इतकी वर्षं काय प्यायलं?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांचं वाक्य इथे लिहून ठेवतो आहे.

२८ एप्रिल

पायथ्याला पाझर आटत आलाय. ओल होती तिथे दगडांवर पांढरा-पिवळसर थर धरलाय, मिठागराच्या कडेसारखा. नखाने खरवडला की पापुद्रे निघतात. चमचाभर थर शुद्ध पाण्याच्या पेल्यात टाकला. ढवळायचीही गरज पडली नाही, काही क्षणांत विरघळला. सामू २.४.

हातमोजे घातल्याशिवाय याला हात लावायचा नाही. शेळ्या तिकडे जाऊ देऊ नयेत असं गुराख्यांना सांगितलं.

१२ जून

पहाटे पाचला पहिला मोठा पाऊस. सहा वाजता साकवाला सामू ६.१ होता, आठला ४.४, नऊला ३.९. वाहकता ६४० वरून १,४८० वर. दुपारी बाराला सामू पुन्हा ४.६, संध्याकाळी ५.८.

साडेनऊच्या सुमाराला मासे वर यायला लागले. आधी काठाला येऊन तोंड उघडत होते, मग उताणे. साकवाखालच्या डोहातून मुलांनी काढले ते मोजले, २१४. एकाचं कल्ल्याचं झाकण मी उचलून पाहिलं. आत लालभडक दिसायला हवं, तिथे पांढुरका बुळबुळीत लेप होता. आम्लाने खडकातून आणलेलं ॲल्युमिनियम ओढ्याचं चांगलं पाणी मिसळताच गोठून तिथे बसतं आणि मासा पाण्यात असून गुदमरतो.

एप्रिलमधला तो पांढरा थर माझ्या हातात होता आणि मला त्याचा अर्थ कळला नव्हता. कोरड्या दिवसांत ढीग आम्ल तयार करतच असतो. वाहून न्यायला पाणी नसतं म्हणून ते क्षार होऊन साठत राहतं. पहिला पाऊस ती सगळी शिल्लक दोन-चार तासांत ओढ्यात ओततो. रविवारी दुपारी ऊन असताना मोजून आम्हाला हे कधीच सापडलं नसतं. तपासणीला येणारे अधिकारीही आजवर कोरड्या दिवशीच आले आहेत.

यापुढे पहिल्या पावसाला दर तासाची मोजणी. पाळ्या लावल्या.

१५ जून

सभा तापली. तरुणांनी सिमेंट आणि दगड जमवले होते. बोगद्याचं तोंडच बुजवून टाकायचं म्हणत होते. त्यांचा राग मला समजतो. माझाही तोच आहे. पण हे करू द्यायचं नव्हतं.

बोगदा बुजवला की पाणी थांबत नाही, आत चढत जातं. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधली व्हील जेन ही कथलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली, पंप थांबले, आत पाणी भरत गेलं आणि जानेवारी १९९२ मध्ये बोगद्याचा अडसर निकामी होऊन ते सगळं नदीत आलं. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या गोल्ड किंग खाणीच्या तोंडाशी ५ ऑगस्ट २०१५ रोजी सरकारी पर्यावरण संस्थेचंच पथक खोदत होतं. आत कोंडलेलं सुमारे १ कोटी १३ लाख लिटर पाणी फुटून बाहेर पडलं आणि ॲनिमस नदी नारिंगी झाली. ते प्रशिक्षित लोक होते, यंत्रं हाताशी होती. आमच्याकडे फावडी आहेत.

नदीचे फोटो फोनवर सगळ्यांना दाखवले. तासाभराने सिमेंटची पोती परत गेली.

३ जुलै

प्रयोगशाळेचा दुसरा अहवाल आला. पहिल्या अहवालात तोंडाच्या पाण्यात लोह लिटरला ३१ मिलिग्रॅम होतं, या वेळी ८५. पाणी बदललेलं नाही. पहिला नमुना आम्ही साध्या बाटलीत चार दिवस ठेवला होता. लोह तळाशी बसलं आणि वरचं पाणी तपासलं गेलं. या वेळी प्रयोगशाळेनेच आम्ल घातलेल्या बाटल्या दिल्या होत्या, त्यात धातू विरघळलेलाच राहतो. प्रवाहाशी गुणलं तर एकट्या तोंडातून दिवसाला सव्वापाच किलो लोह ओढ्यात येतंय.

विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक लिटरला २४ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी १० सांगितलंय. विहीर आज संध्याकाळीच पिण्यासाठी बंद केली, दोर आणि कप्पी काढून ठेवली. घरोघरी जाऊन एकच गोष्ट सांगितली : हे पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, धातू तिथेच राहतो. उलट पाणी आटलं की तो दाट होतो. वापरायला, धुवायला चालेल. प्यायला आणि रांधायला वरच्या ओढ्याच्या बाजूची विहीर. अंतर दुप्पट आहे आणि ते बहुतेक बायकांनाच चालायचंय. तिथून नळ आणण्याचा अर्ज उद्याच लिहिते, असं सरपंचबाई म्हणाल्या.

१८ जुलै

आम्हाला स्वतःच्या हाताने करता येईल असं काय आहे, यावर दोन आठवडे डोकं चाललं. आम्ल झालेलं पाणी साफ करणं अवघड. ढिगात पाणी शिरूच न देणं त्यामानाने सोपं. ढिगाच्या वरच्या अंगाला डोंगराचं चांगलं पाणी उतरतं, ढिगात मुरतं आणि खालून आम्ल होऊन निघतं. ते वरच अडवून कडेने वळवायचं. वरचा उतार गावाच्या गायरानात आहे, परवानगी ग्रामसभेची. ढिगाला हात लावायचा नाही.

चर २१० मीटर, शंभर मीटरला एक मीटर उतार. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घेतली. पावसाच्या उघडिपीत नऊ दिवस काम चाललं, रोज तीस-पस्तीस माणसं. तळाला चिकणमाती चोपली, उतार जास्त होता तिथे दगड रचले. शेवट वरच्या ओढ्यात सोडला.

सहाव्या दिवशी पूर्वेच्या टोकाला एक झरा लागला. मनगटाएवढी धार, आणि ती सरळ ढिगाखाली जाऊन नाहीशी होत होती. काम थांबवून सगळ्यांना तिथे बोलावलं. वेल्समधल्या ॲबरफॅनमध्ये कोळसा खाणीचा टाकाऊ ढीग झऱ्यांवरच रचला होता. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी तो घसरून शाळेवर गेला. १४४ माणसं मेली, त्यांत ११६ मुलं होती. आमचा ढीग गावापासून लांब आहे, पण त्याच्या पायथ्याची पायवाट शाळेला जाते. झऱ्याची धार चरात घेतली, पायवाट बंद करून पलीकडून काढली, आणि कंपनीला व जिल्ह्याच्या कार्यालयाला फोटोसह लेखी कळवलं. ढिगावरच्या दोन भेगांचा खालून फोटो काढून ठेवतोय, दर रविवारी त्याच दगडावर उभं राहून.

१६ ऑगस्ट

गावात आज कुजबुज होती की चर खोदून पाणी आणखी बिघडलं. बरोबर आहे, आकडा तसाच दिसतो : पायथ्याची वाहकता ३,९०० होती, आता ४,६००.

म्हणून बादली घेऊन सगळ्यांसमोर मोजलं. जूनअखेरीस, मागच्या तीन दिवसांत ४० मिलिमीटर पाऊस झालेला असताना, पाझर मिनिटाला २२ लिटर होता. आज जवळपास तेवढाच पाऊस होऊन गेलाय आणि पाझर ९ लिटर. चांगलं पाणी मिसळायचं बंद झालं, म्हणून उरलेलं दाट झालं. दोन्ही गुणून पाहिलं तर ओढ्यात उतरणारा क्षारांचा भार निम्म्याहून कमी आहे. प्रवाह न मोजता नुसता सामू किंवा वाहकता लिहिणारी वही अर्धीच असते. मार्चमध्ये बादलीचा कंटाळा आम्हालाही आला होता.

साकवाला आज सामू ६.७.

९ सप्टेंबर

चुनखडीचा प्रयोग फसला. तोंडाच्या पन्हळीत मुठीएवढ्या चुनखडीच्या तीन बुट्ट्या रचल्या होत्या. पहिल्या दिवशी खालचा सामू ३.१ वरून ४.८ झाला, आम्ही खूश. बाराव्या दिवशी ३.३. एक दगड उचलून फोडला : बाहेर नारिंगी कवच, जेमतेम नखाएवढं जाड, आणि आत दगड पांढराशुभ्र, जसाच्या तसा. लोह चुनखडीवर बसून तिलाच बंद करून टाकतं. हवा लागू न देता जमिनीखाली पुरलेल्या चुनखडीच्या चरात हे टळतं, पण त्यासाठी पाण्यात प्राणवायू आणि गंजलेलं लोह जवळजवळ नसावं लागतं. आमच्या पाण्यात दोन्ही आहेत.

तोंडाचं पाणी सुधारायचं तर चुना मोजून मिसळणं, निवळण तळ्यात गाळ बसवणं आणि तो गाळ सुरक्षित जागी हलवणं, हे सगळं वर्षानुवर्षं करावं लागेल. ते गावाच्या आवाक्यातलं नाही आणि गावाची जबाबदारीही नाही. ज्याने खणलं त्याचं ते काम. आमचं काम, ते होतंय की नाही हे पाहणं.

२२ ऑक्टोबर

कंपनीशी बैठक. आम्ही वही, तासातासाचा आलेख आणि तीच तळ गाळाने भरलेली बाटली घेऊन गेलो. बाटली टेबलावर ठेवली. या वेळी पुराव्याबद्दल कुणी विचारलं नाही.

मागणीचा नमुना आम्ही जपानमधून घेतला. तिथल्या जिन्झू नदीच्या खोऱ्यात कामिओका खाणीतल्या कॅडमियम या विषारी धातूने भातशेती आणि माणसं बिघडली. हाडं ठिसूळ करणाऱ्या त्या वेदनेला लोकांनी दिलेलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय-दुखतंय', हेच नाव पुढे आजाराला मिळालं. १९६८ मध्ये सरकारने प्रदूषण हेच कारण मान्य केलं, १९७२ मध्ये लोक वरच्या न्यायालयातही जिंकले. भरपाईबरोबर त्यांनी एक करार मिळवला, तो मला भरपाईहून मोठा वाटतो : रहिवासी आपल्या पसंतीचे तज्ज्ञ घेऊन खाणीत शिरून तपासणी करतील आणि खर्च कंपनी देईल. ती तपासणी दरवर्षी होत राहिली. बिघडलेल्या शेतजमिनी पूर्ववत करण्याचं काम २०१२ मध्ये पूर्ण झालं.

आम्ही वर्षातून दोन तपासण्या मागितल्या, एक पहिल्या पावसाआधी आणि एक त्याच्या दुसऱ्या दिवशी. तोंडाशी चुना मिसळण्याची सोय, पायथ्याशी निवळण तळं, ढिगाच्या स्थैर्याची स्वतंत्र पाहणी, आणि पाणी सोडण्याआधी गावाला निरोप. हे चर्चेअंती मान्य झालं, लेखी यायचंय. बंद करण्याच्या खर्चाची हमी रक्कम आत्ताच बाजूला ठेवा, ही मागणी त्यांनी फेटाळली. मी सांगितलं की अमेरिकेत कोळसा खाणींसाठी १९७७ पासून कायद्यानेच अशी हमी आधी घेतात, त्याशिवाय परवाना मिळत नाही. हा मुद्दा आम्ही सोडणार नाही. उघडा खड्डाही एक दिवस बंद होणार आणि त्या दिवशी कंपनी इथे असेलच असं नाही.

१७ जानेवारी

करार सही होऊन आला. पूर्वेचा झरा ढिगाला धोका आहे, हे पाहणीच्या अहवालातही आलं. कंपनी तो पक्क्या नाल्यात घेणार आहे.

११ जून

पाऊस पहाटे चारला सुरू झाला. पहिली तपासणी मागच्या आठवड्यात झाली होती; पायथ्याचं तळं तयार होतं, चुन्याची टाकी भरलेली होती, मीटर दोन्ही द्रावणांत तपासलेलं होतं.

साकव : पाचला ६.६, सहाला ६.१, सातला ५.४, आठला ५.२, नऊला ५.५, दहाला ५.९. पाऊस मागच्या वर्षीच्या पहिल्या पावसाइतकाच, दोन मिलिमीटर जास्तच.

डोहात मेलेले मासे १७. त्यांतल्या चारांचे कल्ले उघडून पाहिले. दोघांवर तोच लेप होता.

तोंडाचा प्रवाह पावसाने वाढला आणि चुन्याची मात्रा वाढवायला माणूस सकाळी सातला पोचला. त्याआधीचे तीन तास कुणी नव्हतं. उद्याच्या तपासणीत पहिला प्रश्न हाच. रात्री पाऊस आला तर टाकीपाशी कोण असेल, हे नावासकट लिहून घ्यायचं.

पुढची मोजणी अकराला. पाळी विज्ञानाच्या बाईंची आणि मागच्या बाकावरच्या आजोबांची.